घरच्या घरी फिलिपिनो पान्सित : शेवयांना रस्सा कसा पाजावा

फिलिपिन्समध्ये शेवयांच्या बहुतेक सर्व पदार्थांना पान्सित या एकाच नावाने ओळखले जाते, आणि त्याचे प्रकार गावागणिक बदलतात. चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर शेवया या बेटांवर पोहोचल्या. मनिलामधील बिनोंदो ही चिनी वस्ती स्पॅनिश राजवटीत, १५९४ मध्ये वसवण्यात आली, आणि शेवया विकणारी साधी खानावळ, म्हणजे पान्सितेरिया, पुढे फिलिपिनो शहरजीवनाचा भाग बनली. आज वाढदिवसाच्या जेवणात पान्सित हवेच, कारण लांब शेवई म्हणजे दीर्घायुष्य अशी तेथील समजूत आहे. म्हणूनच शेवया शिजवण्यापूर्वी तोडायच्या नसतात. पाकीट कढईपेक्षा मोठे वाटले तरी धीर धरावा, कारण भिजल्यावर शेवया आपोआप वळतात आणि कढईत सहज मावतात.

आपल्याकडे नूडल्स म्हटले की हाका नूडल्सची पद्धत हाताला सवयीची असते : भरपूर पाण्यात उकळायचे, निथळायचे, तेल लावून ठेवायचे आणि मोठ्या आचेवर सॉससह परतायचे. पान्सित बिहोन या पद्धतीने केले तर ते फिके आणि कोरडे होते. बिहोन म्हणजे तांदळाच्या केसासारख्या बारीक शेवया. त्यांना स्वतःची चव जवळजवळ नसते. चव येते ती त्यांनी शोषून घेतलेल्या रश्श्यातून. त्यामुळे या पदार्थात सर्वाधिक काळजी रश्श्याची घ्यावी लागते, आणि शेवया साध्या पाण्यात न उकळता त्या रश्श्यातच शिजवाव्या लागतात.

साहित्याची निवड

चार जणांसाठी २५० ग्रॅम बारीक राइस नूडल्स पुरतात. फिलिपिन्समधील स्वस्त पाकिटांत मक्याच्या स्टार्चच्या शेवयाही बिहोन म्हणून मिळतात, त्यामुळे पाकिटावरील घटक वाचून घ्यावेत. तांदळाच्या शेवया अधिक पांढऱ्या राहतात आणि रस्साही समाधानकारक शोषतात. खिरीसाठीच्या गव्हाच्या शेवया येथे चालत नाहीत, कारण त्यांचा लगदा होतो. कोकणातले ताजे शिरवाळेही चालणार नाहीत, कारण ते आधीच पूर्ण शिजलेले असतात आणि आणखी रस्सा पिण्याची त्यांची ताकद उरलेली नसते.

याखेरीज हाडांसह ४०० ग्रॅम चिकन, सात-आठ लसूण पाकळ्या, एक मोठा कांदा, एक गाजर, पाव कोबी, मूठभर फरसबी, सेलरीचा एक दांडा, तीन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा फिश सॉस आणि ताजी भरडलेली मिरी घ्यावी. फिलिपिनो स्वयंपाकात फिश सॉसला पातिस म्हणतात. तो न मिळाल्यास थायलंडचा फिश सॉस घ्यावा, आणि तोही नसेल तर मीठ वापरावे. मात्र सोया सॉस वाढवून ती उणीव भरू नये, कारण मग पदार्थ काळपट आणि कडवट होतो. कोळंबी मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी. डोकी आणि टरफले टाकून न देता रश्श्यासाठी ठेवावीत.

वरून पिळण्यासाठी फिलिपिनो लोक कलामन्सी हे छोटे हिरवे फळ वापरतात. त्याची चव लिंबू आणि संत्रे यांच्या मधली असते. कागदी लिंबाच्या रसात संत्र्याच्या रसाचे थोडे थेंब मिसळले तर त्या चवीच्या बऱ्यापैकी जवळ जाता येते.

रस्सा

चिकन चार कप पाण्यात थोडे मीठ, अख्खी मिरी आणि कांद्याचा एक तुकडा घालून मंद आचेवर पंचवीस मिनिटे शिजवावे. वर येणारा फेस काढून टाकावा. चिकन बाहेर काढून गार झाल्यावर हाताने त्याचे लांबट धागे सोडवावेत आणि हाडे पुन्हा पातेल्यात टाकून रस्सा आणखी दहा मिनिटे उकळू द्यावा. कोळंबीची डोकी असतील तर ती वेगळ्या भांड्यात कपभर पाण्यात पाच मिनिटे उकळून, पळीने दाबून, गाळून तो अर्क रश्श्यात मिसळावा. एवढ्याने रश्श्याला जी खोली येते ती कोणत्याही तयार क्यूबने येत नाही. शेवटी गाळलेला रस्सा मोजून घ्यावा : २५० ग्रॅम शेवयांना साधारण अडीच कप लागतो, आणि त्यातील अर्धा कप राखून ठेवणे शहाणपणाचे असते.

बिहोन शिजवणे

शेवया साध्या, गार पाण्यात दहा मिनिटे भिजवाव्यात. गरम पाणी वापरू नये, कारण त्यात त्या बाहेरून शिजतात आणि मग रस्सा आत शिरत नाही. बोटांनी वाकवल्यावर त्या न मोडता वळल्या की लगेच निथळाव्यात.

मोठी, पसरट कढई घ्यावी. दोन मोठे चमचे तेलात ठेचलेला लसूण सोनेरी होऊ द्यावा, मग कांदा घालून तो मऊ होईपर्यंत परतावा. लसूण, कांदा आणि तेल यांची ही सुरुवात फिलिपिनो घरातील असंख्य पदार्थांचा पाया आहे, तेव्हा तिथे घाई करू नये. त्यानंतर चिकनचे धागे आणि कोळंबी घालून दोन मिनिटे परतावे, आणि गाजर, फरसबी व सेलरी टाकावी. आता दोन कप रस्सा, सोया सॉस, फिश सॉस आणि मिरी घालून उकळी आणावी, उभा चिरलेला कोबी टाकावा आणि मिनिटभरातच गॅस बारीक करावा.

यापुढची कृती अनेकजण टाळतात, पण पदार्थ नीट जमणे बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असते. झाऱ्याने सर्व भाज्या आणि मांस काढून एका ताटात ठेवावे आणि कढईत फक्त रस्सा उरू द्यावा. भाज्या आतच राहिल्या तर शेवया शिजेपर्यंत त्या गळून जातात, आणि शेवयांना रश्श्यात सगळीकडून बुडायला जागाही मिळत नाही. रस्सा या वेळी चाखावा. तो नेहमीच्या सूपपेक्षा ठळकपणे खारट लागला पाहिजे, कारण पुढे त्याची सारी चव अळणी शेवयांमध्ये वाटली जाणार असते.

उकळत्या रश्श्यात शेवया सोडाव्यात आणि दोन उलथण्यांनी किंवा चिमट्याने खालून वर उचलत राहावे. ढवळू मात्र नये, कारण गोल फिरवल्याने शेवया तुटतात. मध्यम आचेवर पाच ते सात मिनिटांत रस्सा आटत जातो. शेवई चावून पाहावी : मध्ये कडक लागली तर राखून ठेवलेला रस्सा थोडाथोडा शिंपडावा, मऊ होऊनही तळाशी रस्सा उरला असेल तर आच वाढवावी. शेवया ओलसर असाव्यात, परंतु ताटात रस्सा सुटता कामा नये. आता काढलेल्या भाज्यांपैकी दोन तृतीयांश आत मिसळून मिनिटभर गरम कराव्यात आणि उरलेल्या वर पसरून, कांद्याची पात व लिंबाच्या फोडींसह वाढावे. लिंबू प्रत्येकाने आपल्या ताटात पिळावे. कढईत पिळल्यास आचेने त्याचा ताजेपणा जातो.

शाकाहारी पान्सित करायचे असल्यास कोबीचे दांडे, गाजर, कांदा आणि वाळलेली शिताके अळिंबी यांचा रस्सा करावा, आणि चिकनऐवजी तळलेला टोफू घालावा. पनीर सुचवावेसे वाटत नाही, कारण त्याचा दुधाळपणा सोया सॉसशी जुळत नाही.

कान्तोन आणि पालाबोक

पान्सित कान्तोनच्या पिवळ्या, गव्हाच्या शेवया आधीच तळून वाळवलेल्या असतात. त्या भिजवायच्या नाहीत. तितक्याच वजनाला दोन कप रस्सा पुरतो आणि तीन-चार मिनिटांत त्या तयार होतात. बाकी सारी कृती वरीलप्रमाणेच. सेबू बेटावर या शेवया तांदळाच्या किंवा मुगाच्या पारदर्शक शेवयांबरोबर एकत्र शिजवतात आणि त्या मिश्रणाला बाम-ई म्हणतात.

पालाबोकची रीत मात्र उलटी आहे. तेथे शेवया उकळून, निथळून ताटात पसरतात आणि केशरी रंगाचा दाट कोळंबी-सॉस वरून ओततात. हा रंग शेंद्रीच्या बियांचा. मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती मनिला आणि आकापुल्को यांच्यातील स्पॅनिश जहाजांच्या व्यापारातून फिलिपिन्समध्ये आली. दोन मोठे चमचे बिया अर्धा कप गरम पाण्यात अर्धा तास ठेवून, बोटांनी चोळून, गाळून घ्याव्यात. बिया न मिळाल्यास चिमूटभर हळद आणि थोडे काश्मिरी तिखट यांनी रंग साधतो. लसणावर २०० ग्रॅम चिकन खिमा परतून त्यात हे रंगीत पाणी, कोळंबीच्या डोक्यांचा अडीच कप रस्सा आणि एक मोठा चमचा फिश सॉस घालावा, आणि उकळी आल्यावर चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून बारीक धारेने ओतावे. सॉस पळीच्या मागच्या बाजूला चिकटून राहील इतका दाट झाला की पुरे.

यावर उकडलेल्या अंड्याच्या चकत्या, तळलेला लसूण, शिजवलेली कोळंबी, कांद्याची पात, धुरावलेल्या माशाचा चुरा आणि डुकराच्या कातडीचा कुरकुरीत चुरा घालण्याची पद्धत आहे. शेवटचे दोन जिन्नस येथे सहज मिळत नाहीत. त्यांच्या जागी स्वच्छ केलेला सुका जवळा कोरडा भाजून, हाताने चुरून घालावा. त्याचा खारट, समुद्री वास या सॉसला मनापासून मानवतो.

पालाबोक गार झाल्यावर सॉस घट्ट बसतो, म्हणून तो ऐन वेळी एकत्र करावा. बिहोन मात्र उरला तरी हरकत नाही : शिजल्यापासून दोन तासांच्या आत तो झाकून फ्रीजमध्ये ठेवावा, दोन दिवसांत संपवावा, आणि गरम करताना दोन-तीन चमचे पाणी शिंपडून मंद आचेवर झाकण ठेवावे.