सेव्ह करणारे 31, घेणारं कुणी नाही: ऑनलाइन विकताना या चुका टाळा

जुन्या बाजारातून आणलेलं तांब्याचं घंगाळ चिंच लावून घासलं, चार फोटो काढले आणि रात्री फेसबुक मार्केटप्लेसवर टाकलं. सकाळी चहा घेताना बघते तर 19 जणांनी सेव्ह केलेलं. संध्याकाळपर्यंत 24. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, रविवारपर्यंत जातंय बघ. सहा आठवडे झाले, आकडा 31 वर गेला आणि घंगाळ कोथरूडच्या आमच्या बाल्कनीत मुलाच्या सायकलशेजारीच. एवढ्या दिवसांत एकच मेसेज आला: "लास्ट किती?"

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. चिडले. वर्णनाच्या शेवटी लिहून टाकलं: "खरंच घ्यायचं असेल त्यांनीच चौकशी करावी. टाइमपास करणाऱ्यांनी लांब राहावं."

टोमणा चुकीच्या माणसाला लागतो

पुण्यात पाट्या लिहायची हौस सगळ्यांनाच. पण नुसतं सेव्ह किंवा हार्ट दाबून पुढे जाणारा माणूस वर्णन उघडतच नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो तो पैसे मोजायच्या विचारात असलेला. म्हणजे माझा टोमणा नेमका गिऱ्हाइकालाच बसत होता.

लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात जाऊन बघा. गादीवर वीस साड्या उलगडलेल्या असतात आणि बायका उठतात, "जरा पुढे बघून येतो." "या, या," म्हणत दुकानदाराचे हात घडी घालायला लागलेले असतात. दोन तासांनी त्यातल्या काही जणी त्याच गादीवर परत येऊन बसतात, कारण तिथे त्यांना कुणी टोचून बोललेलं नसतं. लिस्टिंगमधून, म्हणजे वस्तूच्या जाहिरातीतून, राग काढून टाका. इन्स्टाच्या स्टोरीतून आणि व्हॉट्सॲप स्टेटसमधूनही. स्टोरी-स्टेटसचं तर जास्तच अवघड, कारण तिथे कुणी पाहिलं ते नावानिशी दिसतं. माझी आत्या रोज पाहते, आजवर एक चमचा घेतलेला नाही. तिला मी विचारत नाही. दिवाळीला समोरासमोर बसायचं असतं.

आकडा वाचताना होणारी गल्लत

माझ्याच फोनवर चाळीसेक लिस्टिंग सेव्ह आहेत. एकही मला घ्यायची नाही. बाकीचे पितळी डबे कितीला लावतात ते बघायचं असतं. तुमच्या बघ्यांमध्ये अशा माझ्यासारख्या धंद्यातल्या बायका-माणसं बरीच असणार. शिवाय घरात आजीचं तसंच भांडं असलेले लोक असतात. त्यांना विकत घ्यायचं नसतं, आपलं कितीला जाईल याचा अंदाज हवा असतो.

"इज धिस स्टील अवेलेबल?" या मेसेजवर तर जीव टाकूच नका. मार्केटप्लेस ते वाक्य तयारच ठेवतं, समोरच्याने फक्त बटण दाबलेलं असतं. "हो, आहे" एवढ्यावर थांबलात तर तो तिथेच विसरून जातो. मी लगेच पुढचं लिहिते: "हो, आहे. वजन सहा किलो भरतं, गळत नाही. शनिवारी सकाळी बघायला येता का?" यावरही उत्तर आलं नाही तर मनातून काढून टाकते.

ईबेवरून परदेशी विकणाऱ्यांना वॉचरचा, म्हणजे वस्तूवर लक्ष ठेवणाऱ्यांचा, आकडा दिसतो, नावं दिसत नाहीत. ठरावीक किमतीची लिस्टिंग महिनोन्‌महिने चालू ठेवली की हा आकडा साठत जातो. मार्चमध्ये ज्याने लक्ष ठेवायला घेतलं तो ऑक्टोबरपर्यंत विसरलेलाही असतो, पण मोजणीत असतो. लिलावात मात्र गोष्ट वेगळी. तिथे मुरलेले लोक मुद्दाम गप्प बसतात आणि शेवटच्या काही सेकंदांत बोली लावतात, आधी लावली तर भाव चढतो म्हणून. लिलावाला वॉचर आहेत आणि बोली नाही, म्हणून दोन दिवस आधीच घाबरून तो बंद करणं हा शुद्ध वेडेपणा.

सगळं दाखवलं, बूड राहिलं

माझ्या घंगाळाचं कोडं सातव्या आठवड्यात सुटलं. चिंचवडच्या एका काकूंनी विचारलं, "बुडाला जोड दिलाय का? गळत नाही ना?" मी फोटो उघडून पाहिले. कड्या होत्या, काठ होता, घासलेली चकाकी होती, वरचं माठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, अगदी जवळून घेतलं होतं. बूड एकाही फोटोत नाही. जुन्या भांड्यात लोक पहिली शंका घेतात ती बुडाचीच आणि मी नेमकं तेच दडवल्यासारखं झालं होतं.

त्याच दुपारी घंगाळ वर्तमानपत्रावर ठेवलं, काठोकाठ पाणी भरलं आणि अर्ध्या तासाने कोरड्या कागदाचा फोटो काढला. बूड उलटं करूनही एक काढला. सोबत काट्यावरचं वजन. काकू रविवारी आल्या, तरीही खाली सोसायटीच्या नळावर स्वतः पाणी भरून दहा मिनिटं थांबल्या, मगच पैसे दिले. "सेव्ह केलं होतंत का?" मी विचारलं. "छे हो, ते कसं करतात?"

हार्ट भरपूर आणि प्रश्न शून्य असतील तर बहुतेक वेळा भाव किंवा पाठवणीचा खर्च आड येतोय. तोच प्रश्न तीन जणांनी विचारला तर उत्तर वर्णनात नाही, ते आजच घाला. आणि लोक "रविवारी येतो, ठेवा" म्हणून येतच नसतील तर चूक फुकट ठेवण्याची. मी 200 रुपये टोकन घेते. टोकन मागितलं की निम्मे गळतात. त्यातच आपला रविवार वाचतो.

"प्राइस डीएममध्ये"

भाव खासगी मेसेजमध्ये विचारा असं लिहिणाऱ्यांचं मला कोडंच आहे. तुळशीबागेत भाव विचारायला लाज वाटत नाही, कारण समोर माणूस असतो आणि घासाघीस हा अर्धा आनंद असतो. फोनवर अनोळखी माणसाला "किती?" विचारलं की पुढचे आठ दिवस तो मागे लागणार हे लोकांना माहीत झालंय. ते सेव्ह करतात आणि गप्प बसतात. ओएलएक्सवर एक रुपया किंमत टाकून गर्दी जमवणं हाही त्यातलाच प्रकार: गर्दी जमते, पण ती एक रुपयाचीच.

कुरियरचा हिशेब आधी करा

वजनदार पण पोकळ वस्तू विकणाऱ्यांनी हे नीट वाचा. कुरियरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढायला खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा 5000 ने भागायचं. माझं घंगाळ सहा किलो. खोकं 50 बाय 50 बाय 30 चं. गुणाकार 75,000, भागाकार 15. म्हणजे सहा किलोच्या भांड्याला 15 किलोचं भाडं! हा आकडा गिऱ्हाइकाला पैसे भरायच्या वेळी दिसला की तो मागे फिरतो आणि वस्तू सेव्हमध्ये पडून राहते. मी आता मोठं भांडं "फक्त पुण्यात, घरून घेऊन जावे" असं टाकते. बाहेरगावी पाठवायचं तर त्यात छोटे डबे, तांबे, कागद कोंबलेले पेले असा संच करते. रिकामी जागा विकायची नसते.

पंधरवड्यात भाव पाडू नका

गणपती झाले की पितृपंधरवडा. बरीच घरं त्या दिवसांत नवीन काही आणत नाहीत. पण फोनवर बघायला कुणाची ना नसते, त्यामुळे सेव्ह वाढतात आणि विक्री ठप्प. पहिल्या वर्षी मी घाबरून तीन वेळा भाव उतरवला. पुढे दसरा आला, धनत्रयोदशी आली, तांब्या-पितळेला विचारणा सुरू झाली, आणि मी आधीच पडेल भावात बसलेली. शिवाय दर आठवड्याला शंभर-शंभर रुपये उतरवलेत की बघणारे शिकतात: थांबा, अजून उतरेल. उतरवायचाच तर एकदाच, सणाच्या तोंडावर, आणि तारीख घालून. ईबेवर वॉचरना थेट ऑफर पाठवायची सोय आहे, ती वापरा; लिस्टिंगवरचा भाव तसाच राहतो.

'अँटिक' शब्दाचा मोह

"150 वर्षं जुनं" लिहिलं की हार्ट धो धो येतात. लोक संग्रहालयात फिरल्यासारखे बघून जातात. त्याहून वाईट म्हणजे, 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांची किंवा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि असा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे वय खरं असेल तर अडचण, खोटं असेल तर फसवणूक. कसब्यातल्या तांबट आळीत दाखवून जेवढं कळेल तेवढंच लिहावं. मी "वापरलेलं, जुन्या घडणीचं" एवढ्यावर थांबते.

आणि पाच मिनिटांत 'हो' म्हणणारा

महिनाभर नुसते बघे झेलल्यावर एखादा येतो, भाव करत नाही, बूड विचारत नाही, "लगेच पैसे पाठवतो" म्हणतो. मी आर्मीत आहे, बदली झालीय, माझा माणूस येऊन नेईल, अशी गोष्ट पुढे असते. वैतागलेल्या जिवाला हा देवासारखा वाटतो. मग तो क्यूआर कोड पाठवतो, "स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की तुमच्याच खात्यातून जातात. आमच्या ओळखीत एकीचे असे गेले, आणि तिचं म्हणणं एकच होतं की इतक्या दिवसांनी कुणीतरी घेतो म्हणाला. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पाठोपाठ बँकेला. चॅट आणि तो कोड डिलीट करू नका, तक्रारीत तेच लागतं.