अनोळखी ट्रॅकवर पहिलं सेशन वाया जाऊ नये म्हणून

टाइम अटॅकला, म्हणजे सगळ्यात वेगवान लॅपसाठीच्या कार-स्पर्धेला, नव्या ट्रॅकवर पहिलं सेशन 'आता पुढचं वळण कुठलं?' यातच संपतं. आयोजक परवानगी देत असतील तर आधी ट्रॅक पायी फिरा आणि प्रत्येक वळणापाशी, गाडीत बसल्यावर डोळे जितक्या उंचीवर असतात तितकं खाली वाकून बघा. उभ्याने स्पष्ट दिसणारा एपेक्स (गाडी वळणाच्या आतल्या कडेला सगळ्यात जवळ जाते ती जागा) तिथून कधीकधी चढामागे पार लपलेला असतो!

ब्रेकिंगची खूण पक्की हवी: अंतराचा फलक, डांबराचा जोड, कर्बची (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याच्या पट्टीची) सुरुवात. सावली नको, ती दुपारपर्यंत सरकते. प्लास्टिकचा शंकूही (कोन) नको, तो उडतो.

लांब स्ट्रेटच्या (सरळ पट्ट्याच्या) आधीचं वळण सगळ्यात आधी पक्कं बसवा, वेळ तिथेच जास्त वाचतो. बाकीची मागाहून.

पहिल्या लॅपला टायर थंड असतात, तेव्हा खुणेच्या बरंच आधी ब्रेक दाबा.