पाइनच्या पानांचा चहा: या चुका टाळा

या चहातली सगळ्यात मोठी चूक पाणी उकळायला ठेवण्याआधीच झालेली असते. ती म्हणजे चुकीच्या झाडाची पानं तोडणं. हिमालयातल्या चीड किंवा कैल या पाइनच्या ताज्या पानांचा हलका चहा बहुतेक निरोगी माणसांना त्रास देत नाही. पण तशाच दिसणाऱ्या काही झाडांची पानं जिवावर बेततात. म्हणून फायद्यांची चर्चा नंतर करू, आधी झाड पाहू.

कोकणच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन पाहून अनेकांना ते पाइन वाटतं. सुरूचा पाइनशी काही संबंध नाही. त्याची ‘सुई’ हलकेच ओढली तर ती पेरापेरावर तुटते, कारण ती मुळात पान नसून बारीक हिरवी डहाळी असते. नाताळात कुंडीत सजवतात ते अरॉकेरियाही पाइन नव्हे. बंगल्यांच्या कुंपणाशी दिसणारी मोरपंखी तर मुळीच वापरू नका. मोरपंखी आणि तिच्या थुजा कुळातल्या झाडांच्या तेलात थुजोन असतं, आणि ते जास्त प्रमाणात पोटात गेलं तर फिट्स येऊ शकतात.

खरा धोका मात्र थुनेरचा आहे. उत्तराखंड-हिमाचलच्या उंच जंगलांत हे झाड कैल आणि देवदाराच्या शेजारी उगवतं. त्याची पानं चपटी, एकेकटी आणि डहाळीच्या दोन्ही बाजूंना ओळीने लागलेली असतात; वरून गडद हिरवी, खालून फिकट. फळं लाल आणि मऊ. पानांतलं टॅक्सीन थेट हृदयाच्या ठोक्यांवर आघात करतं आणि त्यावर उतारा नाही. पानं वाळवून किंवा उकळून हे विष जात नाही. याच कुळातल्या झाडांपासून कॅन्सरवरचं पॅक्लिटॅक्सेल हे औषध मिळतं, हे खरं आहे. पण ते शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीत शिरेतून दिलं जातं. ‘कॅन्सरवर चालतं’ हे ऐकून थुनेरचा काढा पिणं हा प्राणघातक गैरसमज आहे.

इथे आपल्याकडच्या बाजाराबद्दलही सांगायला हवं. तालीसपत्र म्हणून आयुर्वेदात साधारणपणे हिमालयातल्या फर झाडाची पानं मानली जातात, पण देशात काही भागांत त्याच नावाखाली थुनेरची पानंही विकली गेली आहेत. वैद्यांनी दिलेलं तालीसादि चूर्ण घेणं वेगळं. काष्ठौषधींच्या दुकानातून सुटं तालीसपत्र आणून ते ‘पाइन टी’ म्हणून उकळू नका.

मग खरा पाइन ओळखायचा कसा? पाइनच्या सुया झुपक्यात येतात आणि झुपका बुडाशी एकत्र जोडलेला असतो. चीडच्या झुपक्यात तीन लांब सुया असतात आणि बुडाशी पापुद्र्याचं आवरण टिकून राहतं. कैलच्या झुपक्यात पाच, त्या जरा मऊ आणि खाली झुकलेल्या. पान एकेकटं किंवा चपटं दिसलं की हात मागे घ्यायचा. खात्री नसेल तर तोडूच नका, आणि फोनमधल्या ॲपच्या भरवशावर तर अजिबात नको.

फायद्याचे दावे किती खरे?

क जीवनसत्त्वाचा दावा खरा आहे. 1941-42 च्या हिवाळ्यात वेढ्यात अडकलेल्या रशियातल्या लेनिनग्राडमध्ये स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) रोखण्यासाठी पाइनच्या पानांचा अर्क काढून लोकांना दिला गेला. त्याआधीची प्रसिद्ध गोष्ट फ्रेंच दर्यावर्दी झाक कार्तिएची. 1535-36 च्या हिवाळ्यात, आजच्या क्वेबेकजवळ, त्याची 25 माणसं स्कर्व्हीने गेली. तिथल्या मूलनिवासींनी एका झाडाची साल आणि पानं उकळून प्यायला शिकवलं, तेव्हा बाकीचे वाचले. पाइनच्या चहाची महती सांगताना हा किस्सा हमखास येतो, पण ते झाड पाइनच होतं असं नाही. अभ्यासकांचा कल थुजा आणि फर यांच्याकडे जास्त आहे.

बर्फात ताजं काहीच मिळत नसताना या चहाने प्राण वाचवले. पुण्या-नाशिकच्या बाजारात परिस्थिती तशी नाही. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलीग्रॅम क जीवनसत्त्व असतं, म्हणजे दिवसाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त. आवळ्यातही भरपूर असतं. चहात किती उतरेल हे मात्र झाडावर, पानांच्या ताजेपणावर आणि पाण्याच्या उष्णतेवर ठरतं. चव आवडते म्हणून प्या, क जीवनसत्त्वासाठी पेरू खा.

2021 मध्ये कोविडच्या लशीवर ‘उतारा’ म्हणून हा चहा पसरवला गेला; त्यात सुरामिन असतं असं सांगितलं गेलं. हे साफ खोटं आहे. सुरामिन हे प्रयोगशाळेत बनवलेलं औषध आहे, आफ्रिकेतल्या निद्रारोगावर शिरेतून दिलं जाणारं. कुठल्याही झाडात ते नसतं. दुसरं नाव शिकिमिक आम्लाचं. ते पाइनमध्ये असतं, गोड्या मसाल्यातल्या चक्रीफुलातही असतं. चक्रीफुलातल्या आम्लापासून फ्लूवरचं ओसेल्टामिविर बनवतात, पण अनेक रासायनिक प्रक्रियांनंतर. नुसतं आम्ल पिऊन फ्लू बरा होत नाही. कॅन्सर, स्मरणशक्ती वगैरेंचे दावे पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांवर उभे आहेत. त्यांच्या भरवशावर चालू औषध बंद करू नका.

गरोदरपणात नको

अमेरिकेच्या पश्चिम भागात पॉन्डेरोसा पाइनची पानं खाल्ल्यामुळे गाभण गाई, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, गाभडतात. त्यामागचं आयसोक्युप्रेसिक आम्ल इतर काही सूचिपर्णी झाडांतही सापडतं. गरोदर स्त्रियांसाठी कुठलंच सुरक्षित प्रमाण ठरलेलं नाही, तेव्हा ‘थोडासा घेऊन पाहू’ हेही नको. अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलांनाही देऊ नये. दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

चहा बिघडतो तेव्हा

कडू, टर्पेंटाइनसारखा वास येत असेल तर पानं जास्त उकळली गेली आहेत. रोजच्या चहासारखं खळखळ उकळल्याने राळ आणि तेल उतरतं, आणि क जीवनसत्त्व कमी होतं. पाणी उकळून गॅस बंद करा, एका कपाला चमचाभर चिरलेली हिरवी पानं टाका, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि गाळून घ्या. काहीच चव येत नसेल तर पानं जुनी असतील. जंगलात खाली पडलेला तपकिरी पिरूल, म्हणजे पाइनची वाळलेली पानं, चहासाठी नाही. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेली झाडंही टाळा. मळमळ, पुरळ, घशाला खाज असं काही झालं तर चहा तिथेच थांबवा.

पाइन ऑइलचे थेंब चहात घालण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. हे तेल गिळताना फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. चुकून पोटात गेलंच तर उलटी करवू नका, ताबडतोब दवाखान्यात जा.

अनोळखी पानांचा चहा प्यायल्यावर चक्कर, उलट्या, अशक्तपणा, छातीत धडधड किंवा नाडी मंद वाटली तर घरी वाट पाहत बसू नका. थुनेरचा संशय असेल तर लक्षणांसाठीही थांबू नका. 108 ला फोन करा आणि उरलेली डहाळी किंवा गाळलेला चोथा सोबत घ्या, म्हणजे डॉक्टरांना झाड ओळखता येईल.