प्रेमाबद्दल आपण काय धरून बसलोय ते आधी तपासा

नातं सुरू होऊन सहा-आठ महिने झाले की बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळायला लागतो, हीच का ती व्यक्ती? मग आपण समोरच्याला तपासायला घेतो, किती वेळाने रिप्लाय आला, माझी आवड लक्षात राहिली का वगैरे वगैरे. माझं म्हणणं, आधी आपली फुटपट्टी तपासा.

एक कागद घ्या, मोबाईलमधल्या नोट्सही चालतील, आणि "खरं प्रेम असेल तर..." एवढं लिहून पुढचं वाक्य आठ-दहा वेळा पूर्ण करा. चांगलं दिसावं म्हणून लिहू नका, जे सुचेल ते उतरवा. "तर सांगावं लागत नाही", "तर भांडणं होत नाहीत", असलं काहीतरी येईलच. आयडेलसन आणि एपस्टाईन या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये नात्याला त्रास देणाऱ्या समजुतींची एक प्रश्नावली केली, त्यात पाच होत्या: मतभेद म्हणजे नात्याला धोका, जोडीदाराने न सांगता मनातलं ओळखायलाच हवं, माणूस बदलत नाही, शरीरसंबंध कायम परफेक्टच हवेत, आणि स्त्री-पुरुष मुळातच वेगळे. तुमच्या कागदावर यातलं काय काय आलंय त्याला गोल करा.

माझ्याकडे यातली दुसरी समजूत होती, न सांगता ओळखायची, आणि चांगली पक्की होती. दिवस वाईट गेलेला असायचा, "काय झालं?" असा मेसेज आला की मी "काही नाही" टाईप करायचे, समोरून "ओके, झोप मग" यायचं आणि मी दोन वाजेपर्यंत छताकडे बघत बसायचे की याला कळत कसं नाही! अहो, कळणार कुठून, मीच तर काही नाही म्हटलं होतं. आता सरळ लिहिते, "आज डोकं फिरलंय, दहा मिनिटं फोनवर बोल, उपाय सांगू नकोस, नुसतं ऐक." मागून मिळालं तर त्याला किंमत नाही असं वाटायचं आधी, पण मागितल्यावर कोणी आपली झोप मोडून ऐकतं तेव्हा ते प्रेमच असतं की.

दुसरं बघायचं ते भांडणाच्या दुसऱ्या दिवशी. मनात "आपण एकमेकांसाठी बनलेलोच नाही" येतं की "हे अजून जमत नाहीये" येतं? रेमंड नी (Knee) या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हाच फरक मांडला, नशिबावरचा विश्वास, म्हणजे जोडी आधीच ठरलेली असते, आणि वाढीवरचा विश्वास, म्हणजे मेहनतीने नातं सुधारतं. नशीब मानणाऱ्यांचं सुरुवातीला छान जमलं तर नातं टिकायचं, पण सुरुवातच खटकली तर ते लवकर बाहेर पडायचे. २०१४ मध्ये ली आणि श्वार्झ या संशोधकांना दिसलं की प्रेमाकडे "दोन जीव एक" म्हणून बघायला लावलं आणि मग भांडणं आठवायला सांगितली तर समाधान घसरतं, "सोबतचा प्रवास" म्हणून बघितलं तर तसं होत नाही. म्हणून त्या दिवशी "आपण कुठवर आलो" यावर दोन ओळी लिहा, खरंच फरक पडतो.

एक मात्र मनापासून सांगते, मेहनतीने नातं सुधारतं हे मारहाण, धमक्या, फोन तपासणं, मैत्रिणी तोडायला लावणं याला लागू नाही. तिथे समजुती तपासत बसू नका, विश्वासातल्या माणसाला सांगा आणि बाहेर पडा.

नात्यातलं समाधान मोजायची मानसशास्त्रज्ञ हेंड्रिक यांची १९८८ ची सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे, त्यात एक प्रश्नच असा आहे की या नात्याने तुमच्या मूळ अपेक्षा कितपत पूर्ण केल्या. म्हणजे अपेक्षा काय होत्या हे आपल्यालाच माहीत नसेल तर उत्तर देणार कशावर?

शेवटी दोघांनी आपापले कागद एकमेकांना वाचायला द्या. वाचताना मध्ये बोलायचं नाही, "म्हणजे माझी चूक का?" असं विचारायचं नाही. फक्त एक वाक्य निवडायचं आणि विचारायचं, हे तुला कुठून आलं? एका रात्री एकच वाक्य पुरे.