पर्लमध्ये बिलातली कपात गायब होत होती: माझा अनुभव

डिचोलीतल्या एका व्यापाऱ्याकडे काजूबियांच्या खरेदीची बिलं पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली एक जुनी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) बनवते. यंदा ओल्या बियांची कपात बिलात लागेचना. एरर नाही, काही नाही.

स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘यूज स्ट्रिक्ट’ (आधी जाहीर न केलेलं व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारं नाव, वापरलं की एरर देतं) आणि ‘यूज वॉर्निंग्ज’ (संशयास्पद जागी इशारा देतं) घातलं आणि ‘पर्ल -सी’ने, म्हणजे स्क्रिप्ट न चालवता नुसती तपासणाऱ्या कमांडने, तपासलं. धडाधड एरर येतात, घाबरू नका. पर्ल १० एरर झाल्या की थांबतं, त्यामुळे परत परत चालवावं लागतं. बहुतेक ठिकाणी व्हेरिएबलच्या पहिल्या वापरापाशी ते जाहीर करणारं ‘माय’ लावलं की काम होतं.

शेवटी एकच ओळ उरली. वजाबाकीतल्या ‘कपात’ व्हेरिएबलच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ कमी होता! स्ट्रिक्ट नसेल तर पर्ल असं अनोळखी नाव मुकाट्याने नवं ग्लोबल व्हेरिएबल मानतं आणि गणितात त्याला शून्य धरतं. वजाबाकी व्हायची, वजा काहीच नाही. लोकांच्या पैशांचा हिशेब करणारी स्क्रिप्ट स्ट्रिक्टशिवाय चालवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

‘यूज व्ही५.१२’ किंवा त्यापुढची आवृत्ती लिहिली तर स्ट्रिक्ट आपोआप लागतं. वॉर्निंग्ज मात्र ‘व्ही५.३६’पासून.