साऊंडचा कोर्स करायचा की कामाला लागायचं? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की फोंडा भागातली दोन-तीन मुलं दरवर्षी माझ्याकडे येतात. जत्रेतल्या नाटकांना त्यांनी मला साऊंडच्या मिक्सरवर पाहिलेलं असतं. "दादा, साऊंड इंजिनिअरिंगचा कोर्स करू की सरळ तुमच्याबरोबर येऊ?"

पहिली चूक या प्रश्नातच आहे. साऊंड हे एकच काम नव्हे. उत्सवी नाटकाच्या साऊंडवाल्याकडे कुणी सर्टिफिकेट मागत नाही. काल रात्रीचं नाटक कसं ऐकू आलं, एवढंच विचारतात. सिनेमाचं तसं नाही. पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट संस्था किंवा कोलकात्याची सत्यजित राय चित्रपट संस्था घ्या. सिनेमाच्या ध्वनीचा तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी एफटीआयआयमध्येच शिकले. बारावीनंतर घाईने महागडा खासगी डिप्लोमा करून पदवी सोडून दिली, तर हा रस्ता आपणच बंद केला. आधी पदवी घ्या, जमल्यास भौतिकशास्त्रात.

दुसरी चूक उलट बाजूची, आणि ती मी स्वतः केली आहे: "काम करता करता सगळं येतं." देवळापुढच्या लांब मांडवात मागच्या लोकांसाठी आम्ही स्टेजपासून वीस मीटरवर आणखी दोन स्पीकर लावायचो. मागून तक्रार यायची की शब्द कळत नाहीत. मी आवाज वाढवायचो, तक्रारही वाढायची. कारण साधं होतं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, वायरीतून मात्र सिग्नल तत्क्षणी पोचतो. त्यामुळे मागच्या माणसाला संवाद आधी जवळच्या स्पीकरमधून आणि मग सुमारे ५८ मिलिसेकंदांनी स्टेजकडून, असा दोनदा ऐकू येत होता. मागच्या स्पीकरला तेवढा डिले दिला असता, म्हणजे त्याचा आवाज तेवढा उशिरा सोडला असता, तर आवाज न वाढवता प्रत्येक शब्द पोचला असता. हे मला तीन सिझननंतर कळलं. वर्गात कुणी फळ्यावर एकदा मांडलं असतं तर एका तासात कळलं असतं. त्या तीन वर्षांत मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांची नाटकं वाया गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून शाळेला कमी लेखू नका.

संस्था निवडताना जाहिरातीतल्या मोठ्या कन्सोलच्या, म्हणजे मिक्सरच्या, फोटोवर जाऊ नका. आठवड्याला किती तास विद्यार्थ्याचा स्वतःचा हात त्यावर असतो ते विचारा. दोन माजी विद्यार्थ्यांना गाठा, आज ते काय काम करतात ते पाहा. उत्तरं टाळली तर फी भरू नका.

आणि कर्ज. गोव्यात लाइव्ह साऊंडचं काम बारमाही नसतं. कार्तिकानंतर जत्रा सुरू होतात, शिगम्यापर्यंत हाताला उसंत नसते. पावसाळ्यात मांडवच नसतात. बँकेचा हप्ता मात्र आषाढातही भरावा लागतो. पहिल्या दोन वर्षांच्या कमाईवर कर्जाचं गणित मांडू नका.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: कॉलेजात नाव घाला आणि सुट्टीच्या रात्री एक सिझन आमच्याबरोबर काढा. वायरी गुंडाळा, माइक लावा, नाटक सुरू झालं की मांडवाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसा. तिथे काय ऐकू येत नाही ते वहीत लिहून आणा. कोर्सबद्दल आपण ती वही समोर ठेवून बोलू.