प्रार्थनेला बसलं तरी भीती जात नाही, तेव्हा काय करायचं

प्रार्थनेला बसलं की मन कोरडं, बायबल उघडलं तर अक्षरं नुसती डोळ्यांपुढून जातात, आणि रात्री मधेच जाग येऊन धडधडायला लागतं, देवाने मला सोडलं की काय, माझ्या हातून माफ न होणारं पाप झालंय का. मंडळीत हे बोलावं तर लगेच कुणीतरी म्हणतं, विश्वास कमी पडतोय. असं अजिबात नाहीये. गेथशेमानेच्या बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला होता आणि त्याने ते पेत्र, याकोब, योहान तिघांना उघड सांगितलं, इथे थांबा, माझ्यासोबत जागे राहा म्हणून. आपल्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडला झाला, पण पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त काही सापडला नव्हता, मनाला शांती मिळायला अजून बरीच वर्षं गेली. त्यामुळे तुमचंच काहीतरी चुकतंय असं धरून बसू नका.

आधी जेवा आणि झोपा. खरंच सांगतेय. 1 राजे 19 वाचा, ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतोय, तर देवदूत त्याला उपदेश करत नाही, गरम भाकर आणि पाणी देतो, तो परत झोपतो, मग परत उठवून खायला घालतो, आणि देवाशी बोलणं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी होरेब डोंगरावर. म्हणून अशा काळात उपास-प्रार्थना कुणी कितीही आग्रह केला तरी जरा लांबच ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्री जाग आली की लांबलचक प्रार्थना जमत नाही, मग दिवा लावा आणि स्तोत्र 13 हळू पण मोठ्याने वाचा, कानाला ऐकू आलं पाहिजे. छोटंसं आहे, पहिल्या दोन ओव्यांतच दावीद चारदा विचारतो, देवा अजून किती काळ. तेही जड गेलं तर पेत्र पाण्यात बुडताना जेवढं बोलला तेवढंच बोला, प्रभू मला वाचव. येशूने तर बागेत तीच प्रार्थना तीनदा केली, तेव्हा तेच तेच शब्द येतात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आणि स्तोत्र 88 पण माहीत असू द्या, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी स्तुती वगैरे काही नाही, तरी ते शास्त्रात आहे, म्हणजे असं रडणंसुद्धा देवाला चालतं.

पापाची भीती असेल तर ती मनात घोळवत बसू नका, काय झालं ते स्पष्ट नाव घेऊन देवाला सांगा, 1 योहान 1:9 वाचा, कॅथलिक असाल तर फादरकडे कन्फेशनला जा. ज्याला देवापासून तुटल्याचं एवढं दुःख होतंय त्याचं मन देवाकडेच लागलेलं आहे, हे पाळक लोक किती काळापासून सांगत आलेत. आणि कुणी म्हणालं ही करणी आहे, पैसे देऊन स्पेशल प्रार्थना करून घ्या, तर तिथून सरळ उठा, ख्रिस्ताच्या नावाने कुणाला भीती विकायचा हक्क नाही.

एका तरी माणसाला सांगा, अख्ख्या सभेत नको, पाळकसाहेब किंवा एखादी जुनी जाणती मावशी, जी ऐकून घेईल आणि गावभर करणार नाही. त्यांना एवढंच म्हणा, माझ्याच्याने प्रार्थना होत नाहीये, तुम्ही माझ्यासाठी करा.

झोप बरेच दिवस उडालीये, श्वास कोंडतो, जीव द्यायचे विचार येतात, असं असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवं, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. गोळ्या चालू झाल्या तर पाळकांनाही तसं सांगून ठेवा, म्हणजे कुणी विश्वासाच्या नावाखाली त्या बंद करायला लावणार नाही.